ज्येष्ठांसाठीची अपार्टमेंट : क्लबहाऊस नंतर, आधी बाथरूम पाहा

ज्येष्ठांच्या अपार्टमेंट संकुलात आपण पैसे मोजतो ते मुख्यतः तीन गोष्टींसाठी. घरात पडण्याची शक्यता कमी व्हावी, पडलोच तर कुणीतरी लवकर यावं, आणि दार उघडलं की बोलायला माणूस भेटावा. यातली तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी छान जमते, तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. पहिल्या दोन मात्र माहितीपत्रकातल्या फोटोंवरून कळत नाहीत. त्यासाठी मोजपट्टी घेऊनच जावं लागतं.

सुरुवात बाथरूमपासून करा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला, तर त्याच्याच अंगामुळे दार अडतं आणि मदतीला आलेल्यांचा वेळ दार काढण्यात जातो. कडी बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उघडता यायला हवी. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी रुंदी किमान ८२ सेंमी भरली पाहिजे. चौकटीचं माप सांगतील त्यावर जाऊ नका, दाराची जाडी आणि बिजागरी त्यातलीच काही जागा खातात. व्हीलचेअर आत वळवायची तर १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा लागते.

कमोडची बसायची उंची ४३ ते ४८ सेंमीच्या दरम्यान असावी. त्याहून कमी असेल तर उठताना गुडघे साथ देत नाहीत. फार वाढवली तर पाय अधांतरी लोंबतात, तेही धोक्याचंच. भिंतीतला आधाराचा दांडा जमिनीपासून ८५ ते ९० सेंमीवर, ३२ ते ३८ मिमी जाडीचा आणि भिंतीपासून सुमारे ३८ मिमी सुटा हवा. अंतर जास्त ठेवलं तर हात घसरून मधे अडकतो. दांड्यावर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून बघा. दाखवायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, तर दांडा कशात बसवलाय हे आपोआप कळतं. पोकळ पार्टिशनच्या भिंतीत आतून आधाराची फळी नसेल, तर स्क्रू कधीतरी उपटणारच. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे आणि टॉवेलची नळी यांना आधार म्हणूच नये.

फरशीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. उतार पुरेसा नसेल तर पाणी शयनकक्षाकडे येतं, मग रहिवासी स्वतःच दारात रबरी पट्टी चिकटवतात आणि त्याच पट्टीला पाय अडखळून पडतात. दुसऱ्यांच्या घरांत अशा पट्ट्या दिसल्या तर उतार चुकलाय असं समजून चालावं. गरम पाण्याचंही विचारून घ्या. टाकीत लिजिओनेला हे न्यूमोनियासारखा आजार करणारे जंतू वाढू नयेत म्हणून पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पण ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, आणि वयानुसार कातडी पातळ व हालचाल मंद झालेली असते. म्हणून टाकी गरम आणि नळाशी तापमान बांधून ठेवणारा व्हॉल्व्ह, अशी जोडी हवी. नुसता गीझरचा काटा खाली आणणं हा अर्धवट उपाय झाला.

आता बाथरूममधली मदतीची दोरी, म्हणजे ओढली की मदतीसाठी घंटा वाजते ती. ही लाल दोरी थेट खालपर्यंत, जमिनीपासून सुमारे १० सेंमीपर्यंत लोंबायला हवी, कारण ती ओढणारा माणूस बहुधा फरशीवर पडलेला असतो. पण पोछा मारताना आड येते म्हणून ती गाठ मारून वर खोचलेली सर्रास दिसते. संकुलाची शिस्त बघायची तर एवढी एक गाठ पुरे. शक्य असेल तर संध्याकाळी उशिरा, पूर्वकल्पना देऊन, दोरी ओढून पाहा आणि दारात माणूस यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात मोजा. घंटा कुठे वाजते, रात्री तिथे कोण बसतं, तो दुसऱ्या मजल्यावर गेला असेल तर कॉल कुणाकडे जातो, घराची जादा किल्ली कुठे असते, हे चार प्रश्न विचारले की 'चोवीस तास सेवा' या शब्दांत किती दम आहे ते समजतं. पुष्कळदा ती सेवा म्हणजे फाटकावरचा पहारेकरीच असतो.

धुराच्या अलार्मबद्दल फारसं कुणी विचारत नाही. नेहमीच्या अलार्मचा आवाज साधारण ३००० हर्ट्झचा, तीक्ष्ण. वयामुळे कमी होणारं ऐकू येणं नेमकं याच पट्टीत आधी कमी होतं, शिवाय रात्री श्रवणयंत्र काढून ठेवलेलं असतं. ५२० हर्ट्झच्या खालच्या सुराचा अलार्म झोपलेल्या माणसाला जास्त खात्रीने उठवतो. सोबत उशी हलवणारं यंत्र मिळालं तर उत्तमच. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वॉकरवाल्यांना खाली कसं आणणार हेही विचारा. एरवीसाठी लिफ्ट स्ट्रेचर आडवं मावेल एवढी, म्हणजे आतून सुमारे २.१ मीटर खोल असावी. वीज गेल्यावर जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो, पण घरातला एखादा सॉकेट त्यावर आहे का? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन गोळा करून देणारं विजेवरचं यंत्र, वापरणाऱ्याचं गाडं इथेच अडतं. मार्गिकेतले आपोआप लागणारे दिवे अर्ध्या मिनिटात विझत असतील तर वॉकर घेऊन चालणारा मधेच अंधारात सापडतो. ही वेळ वाढवायला दहा मिनिटं पुरतात, मात्र सांगावं लागतं.

बागकाम, वाचनालय, पत्त्यांचे डाव सगळीकडे असतात आणि बरे असतात. त्यावर निर्णय घेऊ नये.

खरं पाणी मुरतं ते करारात. 'स्वतंत्र राहणं' आणि 'मदतीसह राहणं' या दोन वेगळ्या सेवा आहेत, त्यांचे दरही वेगळे. आंघोळीला किंवा औषधं घ्यायला मदत लागू लागली की तुम्हाला दुसऱ्या विभागात हलवायचं हे कोण ठरवतं, किती दिवसांची नोटीस देऊन, आणि तुम्ही नाही म्हणू शकता का, हे लेखी हवं. पतिपत्नींपैकी एकाला शुश्रूषा विभागात जावं लागलं तर दोन शुल्कं सुरू होतात, त्यात सवलत आहे का ते पाहा. मेंटेनन्स दरवर्षी किती वाढू शकतो याला कमाल मर्यादा लिहून घ्या. मर्यादा नसेल तर आजच्या आकड्याला अर्थ नाही. आणि घर कायमचं रिकामं झाल्यावर अनामत रक्कम वारसांना किती दिवसांत मिळते, की नवा रहिवासी मिळेपर्यंत अडकून राहते आणि तोवर मेंटेनन्सही चालूच राहतो? शेवटच्या पानावरच्या या कलमाची प्रत सहीच्या आधी घरी नेऊ देत नसतील, तर तिथे सही करू नये.