धोबी तलावची वारसा फेरी : जेर महालात उत्तम, कावेलमध्ये उरकलेली

मुंबईतल्या वारसा फेऱ्या बहुधा फोर्टात सुरू होतात आणि फोर्टातच संपतात. त्यामुळे मेट्रो सिनेमापासून चिरा बाजारापर्यंतच्या दाट वस्तीतून नेणारी फेरी एका खासगी संस्थेने सुरू केल्याचे कळताच मी नाव नोंदवले. अडीच तासांच्या या फेरीचे शुल्क मल्टिप्लेक्सच्या दोन तिकिटांएवढे आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ खरोखर कारणी लागतो.

वाटाड्या तरुणाने सुरुवात योग्य जागी केली. धोबी ज्यात कपडे धूत तो तलाव केव्हाच बुजला, पण त्याच्या दुरुस्तीसाठी पदरचा पैसा घालणाऱ्या फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी गृहस्थाचे नाव तिथल्या सभागृहाच्या इमारतीने जपले आहे. किल्ल्याच्या तटबंदीबाहेरचे मैदान जिथे संपे तिथे ‘देशी’ शहर सुरू होई. पोटापाण्यासाठी आलेला माणूस नेमका या कडेला का टेकला, हे त्याने नकाशा उघडून नीट समजावले.

फेरीचा कळस म्हणजे जेर महाल. तळमजल्यावर १९०४ पासूनचे कयानी हे इराणी हॉटेल आणि वर गोव्यातल्या गावांचे कुड. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी, आचारी आणि वाजंत्री यांना अल्प भाड्यात डोके टेकता यावे म्हणून एकेका गावाने चालवलेली ही सामायिक निवासस्थाने आहेत. आगाऊ परवानगी घेतलेली असल्याने आम्हाला एका कुडाच्या आत जाता आले. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्यांची रांग, तिच्यावर रंगवलेली नावे, आणि समोर फुले वाहिलेला आल्तार, जिथे संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणतात. तिथल्या वयस्क गृहस्थांनी दारातच बजावले, “फोटो पेट्यांचे काढा, झोपलेल्यांचे नको.” तियात्र या कोकणी संगीत नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग १८९२ साली गोव्यात न होता मुंबईत का झाला, हे या खोलीत उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. १८६५ पासूनचे फुर्तादोसचे वाद्यांचे दुकान याच परिसरात का रुजले, तेही इथेच उमगते.

पुढे प्रिन्सेस स्ट्रीटच्या भागात १८३० सालचे वाडियाजी आणि १८९७ सालचे अंजुमन अशी दोन आतश बेहराम, म्हणजे पारशी अग्निमंदिरे, आहेत. बिगर-पारशांना आत प्रवेश नाही, म्हणून माहिती रस्त्यावरच उभ्याने ऐकावी लागते. पण भुयारी मेट्रोचा बोगदा पवित्र अग्नीच्या खालून जाईल या चिंतेने २०१८ साली प्रकरण उच्च न्यायालयात कसे गेले, हे त्याने कोणाचीही बाजू न घेता सांगितले.

माझी तक्रार यानंतरच्या भागाबद्दल आहे. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या कोळ्यांची कावेल ही जुनी वस्ती. तिथल्या ईस्ट इंडियन या ख्रिस्ती समाजाची घरची बोली मराठीची आहे आणि हा समाज मुंबईचा मूळ रहिवासी आहे. वाटाड्याने मात्र त्यांना सरसकट गोवेकरांच्या हिशेबात धरले. एका ज्येष्ठ सहभागी बाईंनी हटकल्यावर त्याने ‘साधारण तेच’ म्हणून विषय बदलला. धोबी तलावावर माहिती देणाऱ्याकडून ही चूक अक्षम्य वाटते. चंदनवाडीची स्मशानभूमी आणि बडा कब्रस्तान जवळजवळ शेजारी असणे ही या भागाची केवढी बोलकी गोष्ट, तीही एका वाक्यात आटोपली. चिरा बाजारात तर मासळीवाल्या कोळिणी निव्वळ छायाचित्रापुरत्या उरल्या. (त्यातल्या एकीने विकत काही घेणार नसाल तर वाट सोडा म्हणून सुनावले, ते योग्यच झाले.) पारशी आणि गोवेकर यांच्याविषयीचा हळवेपणा खपतो हे मान्य, पण मराठी वस्ती वगळून या मोहल्ल्याचा हिशेब लागत नाही.

गट वीसजणांच्या वर होता, त्यामुळे जेर महालच्या जिन्यात मागच्यांना काही ऐकू येत नव्हते. संस्थेने तो निम्म्यावर आणायला हवा. रविवारची फेरी घेऊ नये, कारण त्या दिवशी बाजारपेठेतली बरीच दुकाने बंद असतात. शनिवारी सकाळी जावे, कुडासाठी आधी फोन करून परवानगीची खात्री करून घ्यावी, आणि कावेलपुरती माहिती स्वतः वाचून न्यावी.