लघुप्रबंधासाठी सेल्वन की नायपॉल?

वसाहतोत्तर कादंबरीतला मिश्रवंशीय समाज आणि राष्ट्रभावना असा विषय एम. ए.ला घेणार असाल, तर कॅरिबियनमधलं त्रिनिदाद बेट हाताशी धरा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तिथे होतेच. १८४५ पासून भारतातले गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर जाऊ लागले. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. आता निवड करायची ती व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) आणि सॅम्युएल सेल्वन यांची ‘अ ब्रायटर सन’ (१९५२) यांतून.

‘बिस्वास’ ही थोर कादंबरी आहे, यात वादच नाही. तुलसी कुटुंबाच्या हनुमान हाउसमध्ये मुली, जावई, नातवंडं दाटीवाटीनं राहतात. त्यांतलाच एक जावई बिस्वास नाताळात लेकीला बाहुलीघर आणतो. बाकीच्या पोरांना काही नाही, म्हणून घरभर धुसफुस. शेवटी त्याची बायको शामा स्वतःच ते मोडून टाकते. एकत्र कुटुंबाचा जाच एवढ्यात कळतो. भाषेवर काम करायचं असेल तर इथे खजिना आहे: पात्रांचं हिंदी नायपॉल शुद्ध इंग्रजीत लिहितात, आणि तीच माणसं इंग्रजी बोलू लागली की बेटावरची बोली येते. पण आफ्रिकी वंशाचा शेजारी या घराबाहेरच राहतो. शिवाय नायपॉलांवर इतकं लिहून झालंय की नवं बोलायला जागा कमी.

सेल्वनकडे तो शेजारी अंगणातच आहे. सोळा वर्षांचा टायगर आणि त्याची नवरी उर्मिला शगवानसहून बाराटारियाला येऊन संसार मांडतात. शेजारी आफ्रिकी वंशाचं जोडपं: जो आणि रिटा. उर्मिलाच्या बाळंतपणात धावून येते ती रिटाच. टायगरचे आईवडील मात्र या शेजाऱ्यांना पाहून नाकं मुरडतात. ‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न टायगरला इथून छळू लागतो.

या विषयासाठी मी सेल्वनच घ्या म्हणेन. नांदेड-देगलूरकडे मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड एकाच बाजारात ऐकत वाढलेल्याला ही वस्ती परकी वाटणार नाही. फक्त तिथला वंश आणि आपल्याकडची जात एकाच मापानं मोजू नका: गिरमिटियांच्या जातीची बंधनं बेटावर बरीच सैल झाली, वंशाचं अंतर उरलं. आणि प्रकरणांच्या सुरुवातीच्या बातमीवजा नोंदी गाळू नका. पहिलीतच १९३९ च्या नववर्षदिनी ज्यू निर्वासित बेटावर उतरतात. तुमचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होऊ शकतं.