पॅन्क्रियाटायटिसनंतर लो फॅट डॉग फूड: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

आमचा गोट्या पॉमेरेनियन, वय नऊ, वजन सहा किलो. गेल्या पावसाळ्यात त्याला पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, झाला. उलट्या, अन्नाला तोंड लावेना, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून उभा राहायचा. पोटात दुखत असलं की कुत्री अशी उभी राहतात, हे तेव्हा कळलं. सलाइन, वेदनाशामक इंजेक्शनं, सीपीएलची (स्वादुपिंडाच्या सुजेसाठी करतात ती) रक्ततपासणी, सोनोग्राफी सगळं झालं. कारण मात्र नक्की सापडलं नाही; बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत ते सापडत नाही. फॅट कमीच ठेवायचं या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तेव्हापासून त्याला रॉयल कॅनिनचं गॅस्ट्रोइंटेस्टाइनल लो फॅट, कोरडं, चालू आहे. दुखणं अजून उलटलेलं नाही, आणि त्यासाठी मी या खाण्याची मनापासून ऋणी आहे.

पण खाणं निवडताना जे शिकले ते आधी सांगते, कारण दुकानात 'लाइट', 'सेन्सिटिव्ह' लिहिलेल्या पिशव्या भरपूर असतात. नाजूक पोटासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका पिशवीवर फॅट १५ टक्के होतं. ते जुलाब होणाऱ्या कुत्र्याला चालेलही, गोट्याला नाही. शिवाय पिशवीवर बहुतेक वेळा फॅटचा किमान आकडा छापलेला असतो. म्हणजे निदान इतकं तरी आहे. प्रत्यक्षात जास्त असू शकतं. आपल्याला हवा असतो तो नेमका कमाल आकडा.

ओल्या खाण्याच्या डब्यांचा हिशोब तर आणखी फसवा. डब्यावर ५ टक्के फॅट आणि पिशवीवर १२ टक्के पाहिलं की डबाच बरा वाटतो. पण डब्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० भागांत ५ भाग फॅट, म्हणजे पाणी वगळून २५ टक्के! कोरड्यात पाणी १० टक्के धरलं तर तोच आकडा १३च्या जवळ येतो. म्हणून आमच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारायला शिकवलं: हजार कॅलरीमागे फॅट किती ग्रॅम? वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांच्या नेहमीच्या कोरड्या खाण्यात ते ३५ ते ४५ ग्रॅम सहज असतं. आम्हाला वीस ग्रॅमच्या आसपास हवं होतं. गोट्याच्या खाण्यात फॅट सात टक्क्यांच्या आसपास आहे, ते या हिशोबात बसतं. पिशवीवर आकडा नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा.

आता घरातला हिशोब. सहा किलोच्या, नसबंदी झालेल्या, फारसं न धावणाऱ्या गोट्याला दिवसाला साधारण ३५० कॅलरी पुरतात. म्हणजे दिवसभराचं फॅट सात ग्रॅम. चहाचा चमचाभर तूप जवळजवळ पाच ग्रॅम भरतं. आमच्याकडे आई (माझ्या सासूबाई) पोळीला तूप लावल्याशिवाय कुणालाच वाढत नाहीत, आणि गोट्या घरातलाच. "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" असं त्या म्हणायच्या. मी चमचा आणि वजनकाटा समोर ठेवला. बघून त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, म्हणजे चमचाभर तुपातच त्याचा दिवस संपला की!" त्यानंतर दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना चकली-शंकरपाळ्याचा तुकडाही न टाकण्याची तंबी त्यांनीच दिली. मोठ्या लॅब्राडोरला असा तुकडा पचून जाईल. लहान कुत्र्याच्या वाट्याला मुळात फॅटच इतकं थोडं असतं.

खाऊ म्हणून आता काकडी, उकडलेला घेवडा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, बिनमिठाचे चुरमुरे. गोळी पूर्वी पनीरमध्ये लपवायचो, आता उकडलेल्या लाल भोपळ्यात. तो तितक्याच आनंदानं खातो, हे बघून फार बरं वाटलं.

पहिले काही दिवस तो वाटीपाशी जाऊन परत यायचा. दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवल्यावर वास सुटतो, तेव्हापासून वाटी चाटून पुसून साफ. दिवसाचं खाणं चार वेळांत विभागून, काट्यावर मोजून देते. मापाच्या कपानं अंदाज चुकतो. शी नीट बांधून होते, वजनही थोडं उतरलं, ते उतरायलाच हवं होतं. केस मधल्या काळात जरा कोरडे झाले. फिश ऑइल सुरू करावं का, असं डॉक्टरांना विचारलं. तेही तेलच, एक ग्रॅमची कॅप्सूल म्हणजे सातातला एक ग्रॅम गेला. म्हणून आधी उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासलं आणि मग डॉक्टरांनी ठरवून दिलं तेवढंच चालू केलं.

खर्च हा मोठा प्रश्न आहे. डॉक्टरांनी लिहून द्यायची खाणी साध्या पिशवीच्या कितीतरी पट महाग पडतात. लहान कुत्र्याला दिवसाला शंभर ग्रॅमच लागतं म्हणून आम्हाला झेपतं. कायम घरीच शिजवून घालावं असं बरेच जण सुचवतात. माझं मत वेगळं आहे. चिकन-भातात फॅट कमी असलं तरी कॅल्शियम आणि इतर क्षार पुरत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्क्यांत एखादं तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती बांधून घ्या, आणि त्यांनी दिलेली पोषकद्रव्यांची पूड वगळू नका.

पिशवी दुकानात वेळेवर येईल याचा भरवसा नसतो, म्हणून चौथा हिस्सा उरला की मी पुढची मागवते. तरी एकदा अडचण झालीच. तेव्हा दोन-तीन दिवस कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट नुसत्या पाण्यात उकडून मऊ भातात कालवून दिलं. कांदा, लसूण, मीठ, तेल काही नाही. वर तरंगणारा तवंग काढायचा असेल तर ते पाणी फ्रीजमध्ये ठेवा, थर गोठतो आणि चमच्यानं उचलून टाकता येतो.