जुना अ‍ॅम्प, जुने स्पीकर: ओएलएक्सवरून घ्यायचे, ओळखीतून की दुकानातून?

सेकंडहँड अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारा डबा) किंवा स्पीकर घ्यायचे म्हटलं की तीन वाटा असतात, ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवरचा अनोळखी माणूस, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला ओळखीचा हौशी माणूस, आणि जुना माल ऑनलाइन टाकणारे दुकानदार, मुंबईत लॅमिंग्टन रोडकडे असतात तसे. भाव सगळेच बघतात पण मी आधी एवढंच बघतो की समोरच्याने काही लपवलं असेल तर ते मला पैसे द्यायच्या आधी कळणार की नंतर.

ओएलएक्सवर भाव सगळ्यात कमी आणि फसवणूक सगळ्यात जास्त, हे खरंय, पण माणूस तुमच्याच गावातला असेल तर हीच वाट मला सगळ्यात सेफ वाटते, कारण घरी जाऊन ऐकता येतं आणि ऐकून झाल्यावरच पैसे द्यायचे. जायच्या आधी सांगून ठेवा की अ‍ॅम्प चालू करून ठेवू नका, मी आल्यावर लावू. गार अ‍ॅम्प चालू करताना जे कळतं ते अर्धा तास तापलेल्यावर कळत नाही. आवाजाचं बटण अगदी हळू फिरवा, खरखर येते का बघा, आणि एकदम कमी आवाजात दोन्ही बाजू सारख्या वाजतात का तेही. स्पीकरची जाळी काढायला लावा, वूफरच्या (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोटाने हलकाच दाबा, चुरा झाला तर काय ते कळलंच, आपल्या दमट हवेत फोम फार टिकत नाही. मग कोन (मधला हलणारा पडदा) दोन्ही हातांनी सारखा आत ढकला, घासल्याचा आवाज आला तर आतली तारेची कॉइल गेलीय.

आता ह्यात विक्रेता कसा वागतो ते बघायचं. एखादा स्वतःहून सांगतो, "उजवा चॅनल पहिली दोन मिनिटं वाजत नाही, मग येतो, रिले, म्हणजे आतला स्विच, साफ करून घ्यावा लागेल." अशा माणसाकडून मी बिनधास्त घेतो, दोष असला तरी. आणि "एकदम मिंट कंडिशन, बघायची गरजच नाही, टोकन पाठवा, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार. मिलिटरीत आहे, बदली झालीय, सामान कुरिअरने पाठवतो, हा प्रकार तर आता सगळ्यांना माहितीय तरी लोक फसतात. विकणाऱ्यांनीही सांभाळा, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि यूपीआय पिनही टाकायचा नसतो, पिन पैसे द्यायला लागतो. फसलातच तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

पूर्वी ईबे इंडियावर पैसापे होतं, माल हातात येईपर्यंत पैसे मध्येच अडकून राहायचे. २०१८ ला ते दुकान बंद झालं. आता ओळखीत यूपीआय केलं की पैसे गेले, मध्ये कोणी नाही.

म्हणून ओळखीतल्या ग्रुपचा आधार म्हणजे माणसाचं नाव. तो वर्षानुवर्षं तिथे आहे, दहा जणांनी त्याच्याकडून घेतलंय, खोटं बोलला तर पुढच्या वेळी कोणी घेणार नाही. पण इथे धोका वेगळा असतो, माणूस खरं बोलतो पण त्यालाच माहीत नसतं. टर्नटेबलचं, म्हणजे तबकड्या वाजवायच्या प्लेअरचं घ्या. भाऊ अमेरिकेहून आला, घेऊन आला, "फक्त ट्रान्सफॉर्मर लावा, झालं" असं अगदी मनापासून सांगतात. ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करतो, पण बऱ्याच जुन्या बेल्ट ड्राइव्हची (पट्ट्याने तबकडी फिरवणाऱ्या टर्नटेबलची) मोटर लाइटच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, ते ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी २७.८ ने फिरते आणि पेटीवरच्या काळी पाचातलं गाणं पांढरी पाचच्याही जरा खाली उतरतं. त्यामुळे ओळखीतही विचारा, पुली (मोटरवरची चकती, जिच्यावरून पट्टा जातो) ५० हर्ट्झची बसवलीय का, आणि अ‍ॅम्प जपानचा असेल तर १०० व्होल्टचा आहे का. रागवायचं काही कारण नाही, चांगला माणूस मागचा स्टिकरच फोटो काढून पाठवतो. कुरिअरने येणार असेल तर प्लॅटर (फिरणारी थाळी) आणि काउंटरवेट (सुईच्या दांड्यामागचं वजन) काढून वेगळं बांधायला सांगा आणि टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, बांधून ठेवायला, आणि स्पीकर पंधरा पंधरा किलोचे असतील तर कुरिअरचा विचारच सोडा, स्वतः जाऊन आणा.

मायक्रोफोनचं मात्र तिन्हीकडे जपून. शुअर एसएम५८ ह्या गायच्या माइकच्या नकला सगळीकडे फिरतात आणि विकणाऱ्यालाही कित्येकदा पत्ता नसतो. खरा २९८ ग्रॅम भरतो, नकली बऱ्याचदा हलका असतो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून फोटो पाठवा म्हणायचं. वजन जुळलं म्हणजे खरा असंही नाही, पण जुळलं नाही तर पुढे बोलायलाच नको. ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) घेताना सीरियल नंबर आधीच्याच्या अकाउंटवर आहे का ते पैसे देण्याआधी विचारून घ्या, सोबतची सॉफ्टवेअर तुम्हाला मिळतीलच असं धरून चालू नका.

दुकानदार महाग पडतो पण टेबलावर लावून दाखवतो, बिल देतो, तोंडी वॉरंटी सांगतो ती बिलावर लिहून घ्यायचीच. त्याला एकच विचारा, आतलं काय काय बदललंय. जुन्या स्पीकरमध्ये दुसऱ्याच कंपनीचा ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बसवलेला असतो, वाजतो चांगला पण तुम्ही मूळ जोडीचे पैसे देताय. झाकण उघडून दाखवायला जो कुरकुरतो त्याच्याकडे मी परत जात नाही.

माझं म्हणाल तर अ‍ॅम्प आणि स्पीकर गावातल्या गावात बघून, मग तो अनोळखी का असेना. टर्नटेबल ओळखीतून, प्रश्न विचारून. सर्व्हिस केलेला जुना विंटेज सेट हवा असेल आणि घराजवळ टेक्निशियन नसेल तर दुकान, चार पैसे जास्त गेले तरी. आणि तुम्ही विकायला बसला असाल तर जाहिरातीत पहिला फोटो दोषाचा टाका, खरखरीचा व्हिडिओ टाका, दुरुस्तीला किती लागतील ते विचारून तेवढे किमतीतून कमी करा. फोन कमी येतील, पण जो येईल तो दारात उभा राहून भाव पाडत बसणार नाही.