एका दिवसात निकाराग्वा: पैसे भरण्याआधी हे वाचा

कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात सुट्टीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मुद्दाम लिहितेय. तिथे 'एका दिवसात निकाराग्वा' विकणारे दलाल भेटतात. दोन ज्वालामुखी, ग्रानाडा शहर, होडीची फेरी, जेवण, सगळं धरून एकच रक्कम. न्यू जर्सीहून गेलेल्या आमच्या दोन कुटुंबांना अशाच एकाने लुबाडलं.

सगळ्यात मोठी थाप पत्रकावरच्या फोटोत होती. निकाराग्वातल्या मसाया ज्वालामुखीच्या विवरात लालभडक लाव्हा आणि वर काळंभोर आकाश. अहो, तो लाव्हा डोळ्यांत भरायचा तो अंधार पडल्यावर! संध्याकाळी सरहद्द ओलांडून परत येणाऱ्याला तो देखावा मिळणार कसा? शिवाय मार्च 2024 मध्ये विवराच्या कडा ढासळल्या आणि लाव्हाचं ते तळं गाडलं गेलं. आम्ही गेलो त्यानंतर. या रस्त्याने सतत माणसं नेणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. प्रत्यक्षात आमची गाडी मसायाला गेलीच नाही. हमरस्त्यावरून निकाराग्वा सरोवरापलीकडे ओमेतेपे बेटावरचा कोन्सेप्सिऑन दाखवला, पुढे काचेतून मोंबाचो, आणि हेच ते दोन ज्वालामुखी असं सांगितलं.

पैशांची लूट झाली दोन देशांच्या सरहद्दीवर, पेन्यास ब्लांकासच्या नाक्यावर. 'सरहद्दीचे कर' म्हणून गाइडने माणशी 60 डॉलर रोख मागितले. पासपोर्ट आधीच त्याच्या हातात, मग वाद घालणार कसा? कोस्टा रिकातून बाहेर पडण्याचा, निकाराग्वात शिरण्याचा आणि परत निघण्याचा, असे वेगवेगळे कर तिथे खरोखर लागतात, पण त्यांच्या पावत्या मिळतात. मी हट्टाने त्या मागून घेतल्या. बेरीज निम्मीही भरेना. म्हणून सांगते, पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका. सुटे डॉलर जवळ ठेवा आणि खिडकीवर स्वतः पैसे भरा.

ग्रानाडाचं मात्र फार वाईट वाटतं. 1524 मध्ये स्पॅनिशांनी वसवलेलं गाव, 1856 मध्ये विल्यम वॉकर या अमेरिकन भाडोत्री सेनानीच्या माणसांनी जाळलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं. पिवळं कॅथीड्रल, रंगीत भिंतींची घरं, चौकात केळीच्या पानावर मिळणारा विगोरोन, म्हणजे उकडलेला युका नावाचा कंद, कोबीची कोशिंबीर आणि डुकराच्या तळलेल्या चामडीचे तुकडे. तिथे निवांत दिवस काढावा. आम्हाला तासभरही दिला नाही. मोंबाचोच्या ढासळलेल्या दगडमातीतून त्याच सरोवरात तयार झालेल्या इस्लेतास बेटांची होडी रद्द झाली. कारण दर वेळी एकच, 'सरहद्दीवर गर्दी होईल'. मातीच्या भांड्यांच्या दुकानात मात्र ग्रानाडापेक्षा जास्त वेळ बसवलं. तिथे गर्दीची आठवण कुणाला झाली नाही.

बुकिंग करताना प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार, विवराच्या काठापर्यंत नेणार का, आणि काही रद्द झालं तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला पैसे देऊ नका. रक्कम कार्डानेच भरा.

परतल्यावर दलालाने पैसे द्यायला साफ नकार दिला. आम्ही कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली आहे. पत्रकाचा फोटो, नाक्यावरच्या पावत्या आणि गाइडचे मेसेज सोबत जोडलेत. निकाल अजून यायचा आहे.