थॉमस डॉर्सींची गॉस्पेल गाणी क्वायरमध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

थॉमस ए. डॉर्सी म्हणजे गॉस्पेलचे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिगीतांचे, गीतकार-संगीतकार. त्यांच्या गाण्यांची अधिकृत छापील पानं घेऊन ती चर्चच्या क्वायरमध्ये काही महिने सलग वापरली, की एक गोष्ट पक्की कळते: पानावर गाणं अर्धंच आहे. स्वर आहेत, शब्द आहेत, चार आवाजांची साधी बांधणी आहे. ते सगळं अगदी बिनचूक वाचून गायलं तर गाणं बेचव लागतं. छपाईत काही चूक नाही, क्वायरही वाईट नाही. हा कागद ज्या धंद्यासाठी तयार झाला त्या धंद्यात उरलेलं अर्धं गाणं माणूस घेऊन फिरत असे.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंटरनेटवर आजही टॉमी डॉर्सी या गोऱ्या बँडवाल्याचा फोटो लावून ‘प्रेशस लॉर्ड’ या गाण्यामागची करुण कहाणी फिरते. तो माणूस वेगळा. आपले थॉमस अँड्र्यू डॉर्सी म्हणजे १८९९ मध्ये जॉर्जियातल्या व्हिला रिका गावी जन्मलेले, धर्मोपदेशकाचे चिरंजीव. अटलांटाच्या थिएटरांत पियानोवाल्यांची बोटं पाहून ते शिकले, मग शिकागोत स्थायिक झाले. १९२४ पासून ब्लूज गायिका मा रेनी यांच्या बँडचे ते पियानोवादक होते. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने त्यांनी टाम्पा रेडबरोबर १९२८ मध्ये जी रेकॉर्ड केली, ती चर्चच्या आवारात वाजवता येणार नाही इतकी चावट होती आणि तुफान खपली. हे सांगायचं कारण चहाटळपणा नव्हे. त्यांचा डावा हात ब्लूजमध्येच घडला, आणि भक्तिगीतांना साथ करताना त्यांनी तो बदलला नाही. हिम्नलमधल्या, म्हणजे चर्चच्या छापील गीतपुस्तकातल्या, चौकोनी साथीत नेमका हाच डावा हात गायब असतो.

आता धंद्याचं. १९२० च्या दशकात डॉर्सींनी भक्तिगीतं लिहून ती छापून चर्चना पाठवायला सुरुवात केली. त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिगतीनुसार, उसन्या पैशांनी ५०० प्रती टपालात टाकल्या आणि कितीतरी काळ एकही मागणी आली नाही. साहजिक आहे, कागद पाहून कोणाला काय ऐकू येणार? १९३० मध्ये शिकागोतल्या नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनमध्ये (कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चांच्या अधिवेशनात) त्यांचं ‘इफ यू सी माय सेव्हिअर’ प्रत्यक्ष गायलं गेलं, तेव्हा लोक उठून उभे राहिले आणि मागण्या सुरू झाल्या. त्यातून डॉर्सी जे शिकले ते त्यांनी पुढे कायम वापरलं: गायिकेला बरोबर घ्यायचं, चर्चमध्ये गाणं करून दाखवायचं आणि दारात पानं विकायची. गायिका सॅली मार्टिन यांनी हा व्यवहार हिशेबाला लावला. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनही पुढे त्यांच्याबरोबर अशा गावोगावच्या फेऱ्या करत. म्हणजे पान घेणाऱ्याने गाणं आधीच ऐकलेलं असे, आणि पान फक्त आठवणीसाठी असे. आपण मात्र पान आधी घेतो आणि त्यात सगळं शोधत बसतो.

म्हणून वापराची पहिली पायरी: पहिल्या सरावाला पानं वाटूच नका. ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ बसवायचं असेल तर महालियांचं १९५६ चं ध्वनिमुद्रण लावा. त्यानंतर अरेथा फ्रँकलिन यांनी चौदाव्या वर्षी डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये गायलेलं ऐका. दोन्हींत चाल एकच असली तरी एकही ओळ सारखी नाही. हे कानात बसलं की मग पान हातात द्या.

या गाण्याची चालही मूळ डॉर्सींची नाही. एकोणिसाव्या शतकातली ‘मेटलँड’ ही हिम्न-चाल त्यांनी वळवून घेतली. ऑगस्ट १९३२ मध्ये ते सेंट लुईसला एका संजीवन सभेसाठी गेले असताना पत्नी नेटी बाळंतपणात गेल्याची तार आली, आणि पाठोपाठ बाळही गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पियानोवर ही चाल छेडताना शब्द सुचले. पहिला शब्द ‘ब्लेसेड’ होता, तो ‘प्रेशस’ कर असं सहकारी थिओडोर फ्राय यांनी सुचवलं. ही पार्श्वभूमी क्वायरला जरूर सांगा, पण एकदाच. दर सरावाला सांगितली की सगळे रडव्या आवाजात गाऊ लागतात आणि सूर उतरतो.

पट्टी. छापील प्रती बहुधा ए-फ्लॅट किंवा जीमध्ये असतात, आपल्या भाषेत काळी चार किंवा पांढरी पाच. चार आवाजांत शांतपणे गायला हे ठीक आहे. पण गॉस्पेल क्वायरची बांधणी सहसा तीन आवाजांची असते: सोप्रानो, आल्टो, टेनर. खर्जातले पुरुषही टेनरच्या ओळीवर येतात, आणि या पट्टीत त्यांचा गळा ताणला जातो. ताणला की ते हळूच सोप्रानोची ओळ खालच्या सप्तकात धरतात आणि मधला स्वर रिकामा होतो. ऐकणाऱ्याला फक्त ‘काहीतरी पोकळ’ वाटतं. उपाय सोपा आहे: पांढरी चार, म्हणजे एफ. एकट्या पुरुषाने पहिलं कडवं घेतलं तर काळी दोनसुद्धा चालते. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलण्याचं, बटण दाबलं तर गाणं संपल्यावर ते शून्यावर आणायला विसरू नका. पुढचं ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतपुस्तकातलं गीत भलत्याच पट्टीत सुरू झालं की गोंधळ ठरलेला.

लय हा सगळ्यात मोठा खड्डा. पानावर ३/४ लिहिलेलं असतं. आपला ढोलकीवाला किंवा तबलजी ते पाहून, किंवा नुसतं ऐकून, दादरा धरतो. दादऱ्यात समेचा ठसा इतका ठळक असतो की गाणं झुलायला लागतं, आणि झुललं की पळतं. प्रत्यक्षात या गाण्यात प्रत्येक मात्रेचे आणखी तीन भाग करायचे असतात, म्हणजे एका बारमध्ये नऊ. मेट्रोनोम मात्रेला ५२ वर लावण्यापेक्षा तिच्या तिसऱ्या भागाला १५६ वर लावा. लांब स्वरांच्या आत ते तीन ठोके मनात मोजता आले तरच क्वायर थांबायला शिकतं. ठेका पूर्ण बंद ठेवलेला उत्तम. ड्रमर असलाच तर राइड झांजेवर हलकी तिहेरी पुरे. टाळ्याही या गाण्याला नकोत. मध्य लयीच्या चार मात्रांच्या गाण्यांना टाळी हवी, पण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपले हात पहिलीवर जातात. पायाने एक-तीन आणि हाताने दोन-चार असा सराव सुरुवातीला शब्दांशिवाय घ्यावाच लागतो.

आता साथ, म्हणजे तो हरवलेला डावा हात. ओळीच्या शेवटी जिथे पान नुसता एफचा कॉर्ड दाखवतं आणि स्वर चार मात्रा लांबतो, तिथे वादकाने चालायचं असतं. नेहमीचा रस्ता असा: एफ, मग खाली ए घेऊन एफ-सेव्हन, मग बी-फ्लॅट, मग बी डिमिनिश्ड, मग खाली सी घेऊन एफ, सी-सेव्हन आणि परत एफ. खर्जाकडे सरगमच्या कानाने पाहिलं तर सा, ग, म, तीव्र म, प. तो तीव्र मध्यम कळीचा आहे. तो वगळला की सगळं रविवारच्या शाळेतल्या गाण्यासारखं निष्पाप होतं. उजव्या हाताने गंधारावर येताना कोमलातून शुद्धावर घसरायचं. दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकत्र, कोमल लगेच सोडायचा.

हेच गायकांनाही लागू. मराठी गळ्याला मुरकी सहज येते आणि एकल गायक ती हमखास टाकतात. वाईट लागत नाही, पण गाणं भावगीत होतं. इथला अलंकार खालून वर चढणारा आहे, कोमल ग आणि कोमल नी यांना स्पर्श करून. स्वराभोवती फिरायचं नाही, स्वरात शिरायचं.

ऑर्गन की पियानो? डॉर्सी पियानोवाले. गॉस्पेलमध्ये हॅमंड ऑर्गन आणण्याचं श्रेय केनेथ मॉरिस यांना जातं, १९३९, शिकागोचं फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्स. हेच मॉरिस पुढे सॅली मार्टिन यांचे प्रकाशन-भागीदार झाले. त्यामुळे १९३० च्या दशकातली गाणी आम्ही पियानोवरच ठेवतो, ऑर्गन मागे. डिजिटल कीबोर्डवर ऑर्गन वापरायचा तर पहिले तीन ड्रॉबार (स्वराचा पोत ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या) पूर्ण बाहेर (८८८), बाकी आत, कोरसचा इफेक्ट सी-थ्रीवर. पर्कशन (स्वराच्या सुरुवातीचा टोकदार ठोका) चालू केलं तर खऱ्या हॅमंड बी-थ्रीवर शेवटचा ड्रॉबार बंद होतो. चांगल्या नकलेतही तसंच होतं. लेस्ली, म्हणजे फिरत्या स्पीकरचा इफेक्ट, मंद ठेवा आणि कडव्याच्या शेवटच्या लांब स्वरावरच वेगात न्या. सतत वेगात ठेवलेला लेस्ली म्हणजे आईस्क्रीमची गाडी. सस्टेन पेडल काढून ठेवा, त्या जागी एक्स्प्रेशन पेडल लावा. ऑर्गनमधला लहान-मोठा आवाज बोटांच्या जोरावर नाही, पायावर अवलंबून असतो.

पेटी? एकल कडव्याला छान, पण कीबोर्डबरोबर एकत्र नको. बहुतेक पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात आणि लांब स्वरांवर दोघांच्यात लहरी ऐकू येतात. दोन्ही लागणारच असतील तर कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग पेटीला जुळवा. उलट करता येत नाही.

‘पीस इन द व्हॅली’ (१९३७) हे सुरुवातीला सोपं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. रेड फोली यांच्या १९५१ च्या रेकॉर्डने आणि नंतर एल्व्हिस प्रेस्लीने ते कंट्री संगीताच्या घरात नेलं. त्यांवरून शिकलेलं क्वायर ते सरळ, गोड आणि लवकर संपवतं. डॉर्सींच्या सांगण्यानुसार ते महालियांसाठी लिहिलेलं आहे, आणि तसंच संथ घेतलं तर टिकतं. आमच्या मते नवख्या क्वायरने यापासून सुरुवात करू नये. ‘प्रेशस लॉर्ड’ अवघड असलं तरी चुका लगेच ऐकू येतात. इथे त्या गोडव्याखाली झाकल्या जातात.

एक सुखद गोष्ट: फक्त शब्दांचं पुस्तक हातात धरून, अग्रगायकाकडे पाहत ‘उपासना संगीत’ गात वाढलेली मंडळी ही गाणी लवकर पकडतात. स्टाफ नोटेशन अस्खलित वाचणाऱ्यांना जास्त वेळ लागतो, कारण त्यांचे डोळे पानावरून उठत नाहीत. डॉर्सींनी १९३१-३२ मध्ये आधी एबनेझर आणि मग पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये जी गॉस्पेल कोरस उभी केली, तीही कानाने शिकणाऱ्या, दक्षिणेतून शिकागोला आलेल्या लोकांच्या भरवशावर.

हक्कांचं शेवटी, पण विकत घेण्याआधी वाचा. डॉर्सी १९९३ मध्ये वारले. भारतात सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे या हिशेबाने २०५३ च्या अखेरपर्यंत. बिनपैशाच्या श्रोत्यांसमोर हौशी मंडळाने गाणं किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गाणं याला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. एका पानाच्या तीस झेरॉक्स काढणं, शब्दांचं मराठी भाषांतर छापणं किंवा ध्वनिमुद्रण यूट्यूबवर टाकणं त्यात बसत नाही. डिजिटल प्रत घेताना गायकांच्या संख्येइतक्या प्रतींचा परवाना घ्या, वादकाची एक प्रत धरून. ती नेहमी मोजायची राहते.