तालीम की प्रयोग? नाटकातून शिकू पाहणाऱ्या छायाचित्रकारासाठी

लग्नं, बारशी, रस्त्यावरची माणसं टिपून झाली आहेत. आता माणसांची देहबोली नीट वाचायला शिकायचंय, म्हणून नाटकाकडे वळावंसं वाटतंय. अशा वेळी दोन वाटा समोर असतात. संस्थेची परवानगी काढून प्रयोगाचे फोटो काढायचे, किंवा नाटक बसत असताना तालमीच्या हॉलमध्ये कोपरा धरून बसायचं. माझं मत आधीच सांगतो: शिकायचं असेल तर तालीम, पोर्टफोलिओ हवा असेल तर रंगीत तालीम (वेशभूषा-प्रकाशासह होणारी शेवटची तालीम), आणि प्रयोग सगळ्यात शेवटी.

प्रयोगाचं आकर्षण उघड आहे. प्रकाशयोजना, वेशभूषा, नेपथ्य सगळं तयार असतं. नवख्याचाही एखादा फोटो झकास येतो, आणि अडचण तिथेच आहे. त्या फोटोतलं निम्मं काम प्रकाशयोजनाकाराने आणि नेपथ्यकाराने आधीच केलेलं असतं, त्यामुळे आपल्याला नेमकं काय जमलं ते कळत नाही. शिवाय जागा एकच मिळते. मधल्या रांगेतून उठून विंगेकडे जाता येत नाही आणि सुटलेला क्षण त्या रात्री परत येत नाही.

तालमीत यातलं काहीच नसतं. ट्यूबलाइटचा उजेड, सोफ्याच्या जागी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, दाराच्या जागी जमिनीवर खडूची रेघ, नट जीन्स-टीशर्टमध्ये. पण तोच प्रवेश पुन्हा पुन्हा होतो, आणि छायाचित्रकाराला एवढी मोठी सोय दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

समजा बाप-लेकीच्या भांडणाचा प्रवेश बसतोय. मुलगी ‘मी निघाले’ म्हणते आणि दाराकडे वळते. पहिल्या खेपेला तुम्ही वाक्यावर बटण दाबता आणि फोटोत उघडं तोंड येतं. दिग्दर्शक म्हणतो, ‘परत.’ दुसऱ्या खेपेला लक्षात येतं की वाक्याआधी ती श्वास घेते आणि वजन मागच्या पायावर नेते. वळण तिथेच सुरू झालेलं असतं. आणखी एकदा पाहिलं की नजर बापाकडे जाते. वर्तमानपत्राची घडी घालणारा त्याचा हात मधेच थांबलाय. या प्रवेशाचा फोटो त्या हातात आहे, बोलणाऱ्या मुलीत नाही. ऐकणाऱ्या माणसाकडे बघायची ही सवय लागली की लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही नवरीबरोबर तिच्या मागे उभ्या भावाकडेही बघता.

दुसरं शिक्षण रचनेचं. ‘तू तिला कव्हर करतोयस, अर्धं पाऊल डाऊनला ये’ (म्हणजे तू तिला झाकतोयस, प्रेक्षकांच्या बाजूला सरक) असं दिग्दर्शक सांगतो आणि तेवढ्या अर्ध्या पावलाने दोघांमधलं नातं बदलून दिसतं. कोण बसलंय, कोण उभं आहे, मधे किती अंतर आहे, हे सगळं तिथे कारणासकट मोठ्याने बोललं जातं. फ्रेम कशी भरायची याचा असा धडा प्रयोगात ऐकायला मिळत नाही; तिथे फक्त झालेला निर्णय दिसतो.

मात्र कोणत्याही दिवशी जाऊन उपयोग नाही. संहिता हातात असते तोवर सगळ्यांच्या नजरा कागदात असतात. पाठांतर झाल्यावर आणि प्रकाश-संगीताच्या तांत्रिक तालमी सुरू होण्याआधी जा. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या. नटांना तुमची सवय होते आणि तुम्हाला प्रवेशाची.

तांत्रिक फरकही आहे. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० सेकंद ठेवलं तर उजेड सारखा येतो, १/२५० ला प्रत्येक फोटोचा रंग वेगळा. रंगमंचावर उलट काळोख जास्त आणि चेहऱ्यावर झोत असतो. कॅमेरा काळोखाला भुलून चेहरा पांढरा पाडतो, म्हणून स्पॉट मीटरिंग, म्हणजे फ्रेममधल्या एका लहान भागाचाच उजेड मोजणं, हवं. एलईडी दिव्यांखाली मूक (इलेक्ट्रॉनिक) शटर वापरलं तर फोटोत पट्टे येऊ शकतात, आणि नेहमीच्या शटरचा आवाज शांत प्रवेशात चार रांगांना ऐकू जातो. कमी उजेडातलं हे काम शिकायचं असेल, किंवा हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर प्रयोग निवडा. तिथे तो नक्कीच सरस आहे.

तालमीला प्रवेश मिळणं वाटतं तितकं अवघड नाही. पुण्यात १९६३ पासून सुरू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या आधी पावसाळ्यात अनेक कॉलेजांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. बाकी महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था आहेत. दिग्दर्शकाला आधी भेटा आणि फोटो विनामूल्य देऊ करा, कारण अशा संस्थांना प्रसिद्धीसाठी ते हवेच असतात. फ्लॅश अजिबात नको. प्रयोग होण्याआधी शेवटच्या प्रवेशाचा एकही फोटो बाहेर टाकायचा नाही. आणि एखादी नटी प्रसंग जमत नाही म्हणून खरोखर रडू लागली तर कॅमेरा खाली ठेवायचा. तालीम ही तिची चुकण्याची जागा आहे आणि आपल्याला तिथे तिच्या भरवशावर बसू दिलेलं असतं.